नकलेच्या पाठीवरची तारीख

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेणच्या कोर्टात नकलेच्या खिडकीशी भांडत होते. निकालाची सहीशिक्क्याची प्रत म्हणजे आमच्या भाषेत नक्कल. ती तयार झाली की नाही हे खिडकीतला माणूस सांगत नव्हता आणि मी हलत नव्हते. फोन रोह्याहून होता, काकूंचा. "सुनंदा, काका गेले गं... आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं. खुर्चीत बसले ते बसलेच." मी "बरं" म्हटलं. खरंच, "बरं" म्हटलं मी! फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीतल्या माणसाला पुन्हा विचारलं, "तारीख सांगा, कधी तयार झाली?" माझ्या तोंडाकडे बघून तो बिचारा घाबरला असावा, कारण त्याने लगेच रजिस्टर उघडलं. त्याने तारीख सांगितली, मी ती लिहून घेतली, आणि मग तिथेच खिडकीखाली बसले.

रोह्याची एसटी पकडली, तर वडखळला गाड्यांची रांग. पाऊण तास बस जागची हलली नाही. खिडकीतून बाहेर बघत मी एकटीच बडबडत होते, शेजारच्या बाईला वाटलं असेल की हिचं डोकं फिरलंय. पोचले तेव्हा काकांना नेलं होतं. काकू म्हणाल्या, "तुझ्यासाठी थांबवलं होतं गं बराच वेळ, पण किती थांबवणार..." काकांकडे तेवीस वर्षं काम केलं मी, आणि एक दिवस वेळेवर पोचायचं होतं तर तेवढंही जमलं नाही.

काका म्हणजे अ‍ॅडव्होकेट टिपणीस. राहायचे रोह्याला, वकिली पेणला. रोज सकाळच्या एसटीने नागोठणे, वडखळ करत यायचे आणि कोर्ट सुरू व्हायच्या आधी अर्धा तास खुर्चीत हजर असायचे. हायवेला खड्डे असोत, पूर असो, गणपतीची गर्दी असो, "उशीर झाला" हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. मी कोर्टाबाहेर झाडाखाली टेबल टाकून टायपिंग करायची. एकदा त्यांचा एक दावा टाइप केला आणि त्यांनी लाल पेनाने त्यातल्या बावीस चुका काढल्या. मी म्हटलं, "एवढं येतं तर तुम्हीच टाइप करा की!" मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. काकांनी चष्मा वर केला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "तोंड चांगलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ शिकलीस तर कुणाला ऐकणार नाहीस. सोमवारपासून ये." अशी मी त्यांची टायपिस्ट झाले, मग कारकून झाले, आणि पुढे त्यांच्या चहात साखर किती घालायची हेही मीच ठरवू लागले.

माणूस खाण्याचा फार शौकीन. डब्यात वालाचं बिरडं असलं की सकाळपासून मूड चांगला. ते वाल सोलायचं काम काका स्वतः करत, आदल्या संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी मला नखं दाखवून म्हणत, "बघ, ही वकिलाची नखं वाटतात का?" मी पेणकडची, त्यामुळे पोह्याच्या पापडांवर माझा हक्क, पण कुठला पापड चांगला हे ठरवायचा हक्क मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. अशिलांशी बोलताना आवाज कधी चढला नाही. कायद्याचं मला काही कळत नव्हतं तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "हे बघ सुनंदा, कोर्टाला दोनच गोष्टी कळतात. कागद आणि तारीख. रडणं, ओरडणं, अन्याय, सगळं खरं असतं, पण ते घरी जाऊन सांगायचं." पेणच्या बारमध्ये, म्हणजे वकीलमंडळींत, त्यांना 'पंचांग' म्हणायचे. तरुण वकील मुदतीचे दिवस मोजायला त्यांच्याकडे यायचे आणि काका बोटांवर मोजून सांगायचे, सुट्ट्या लक्षात घेऊन. ती बोटं कधी चुकली नाहीत.

आणि त्या माणसाच्या नावावर एक चुकलेली तारीख आहे. त्यांच्या शोकसभेतही एका वकिलांनी ती सांगितली, हसत, प्रेमानेच. "आमच्या पंचांगाचाही एकदा मुहूर्त चुकला होता." सगळे हसले. मी मागच्या बाकावर होते. मला उठून ओरडावंसं वाटलं, पण उठले नाही.

ती हकिकत हिराबाई म्हात्रेंची. धरमतर खाडीच्या कडेला, खारेपाटात त्यांचं गाव. नवरा लवकर गेला, मिठागरात काम करून बाईने घर सांभाळलं. दोन खोल्या, पुढे पडवी, कौलं स्वतःच्या हाताने फेरलेली. दिराच्या मुलांनी दावा लावला की हे घर आमच्या वाटणीच्या जागेवर आहे, बाईने जागा खाली करून द्यावी. खरं तर जुनं वाटणीपत्र होतं, त्यात ती जागा हिराबाईंच्या नवऱ्याच्या वाट्याला आल्याचं स्वच्छ लिहिलेलं. काकांनी ते कोर्टात दाखल केलं, सिद्ध केलं, त्यावर निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाचा नंबरही पडला. आणि निकाल आला तर त्यात वाक्य काय? 'प्रतिवादीने वाटणीचा कोणताही कागद दाखल केलेला नाही.' घर खाली करून द्या. निकाल वाचला त्या दिवशी काका भडकले नाहीत, हसले. "कागद आहे, त्याला नंबर आहे, नंबरावर कोर्टाची सही आहे, आणि कागद नाही! सुनंदा, माणूस आहे, नजरेतून सुटतं. याला अपील कशाला, ज्या कोर्टाने सोडलं त्याच कोर्टाला दाखवू." म्हणजे रिव्ह्यू, पुनर्विलोकनाचा अर्ज. त्याच न्यायाधीशांपुढे जायचं आणि म्हणायचं, साहेब, एवढा एक कागद बघायचा राहिला. त्याला मुदत तीस दिवसांची. नक्कल मिळायला जे दिवस लागतात ते त्यातून वजा होतात. नकलेचा अर्ज मी तिसऱ्याच दिवशी टाकला.

आता माझं सांगते. माझं माहेर पेणजवळच्या जोहे गावचं. गणपतीच्या कारखान्यात वाढलेली मुलगी मी. भावाचा कारखाना आहे, आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी माझ्या हातची लागते असं तो म्हणतो. खरं तर त्याला फुकटची आखणीवाली हवी असते. रंग कोणीही लावेल, पण डोळे आखायला हात स्थिर लागतो. बुबुळ केसभर सरकलं तर गणपती रागावलेला दिसतो. दरवर्षी श्रावणात काका मला दुपारीच सोडायचे. "जा, देवाला दृष्टी दे, इथल्या माणसांना मी बघतो," म्हणायचे. मी बाराच्या बसने जोह्याला. आणि कोर्टात नकला द्यायचे दुपारी तीननंतर.

त्या वर्षी मूर्ती जास्त होत्या आणि भावाचा एक आखणीवाला आजारी पडला. नक्कल आणायचं रोज डोक्यात असायचं. रोज वाटायचं, उद्या. निकालाला महिना उलटून गेल्यावर एकदाची गेले, नक्कल घेतली. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, ही कधीची पडलीय." मी लक्ष दिलं नाही. माझी ठाम समजूत होती की दिवस हातात पडल्यापासून मोजतात. कुणाला विचारायची गरज वाटली नाही. शहाणपण ओतू जात होतं ना माझं! काकांच्या वहीत त्या दिवसाची तारीख लिहिली. काकांनी विचारलं, "आली का नक्कल?" मी म्हटलं, "आजच तयार झाली." बस, एवढंच वाक्य. इतके दिवस गेले नाही म्हणायची लाज वाटली म्हणून. काकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि बोटांवर दिवस मोजले.

नकलेच्या पाठीवर शिक्का असतो. त्यात तीन तारखा: अर्ज केला कधी, नक्कल तयार झाली कधी, दिली कधी. कायदा फक्त तयार झाल्याच्या तारखेपर्यंतचे दिवस वजा देतो. तुम्ही नेली नाहीत तर ते तुमचं. माझी नक्कल मी नेण्याआधी एकवीस दिवस तयार होती. गणपती झाले, विसर्जन झालं, काकांनी निवांत, सुंदर अर्ज तयार केला, मी टाइप केला, बिनचूक. दाखल करायला गेलो तर कोर्टाच्या कार्यालयाने शेरा मारून परत दिला. मुदतबाह्य, सतरा दिवस.

काकांनी तो शेरा दोनदा वाचला. मग नक्कल उलटी केली आणि पाठीवरचा शिक्का बघितला. त्यांना माझ्याकडे बघावं लागलं नाही. माझं रडणं आधीच सुरू झालं होतं. मी सगळं भडाभडा सांगितलं, जोहे, आखणी, रोजचं 'उद्या', 'आजच तयार झाली' म्हटलं ते. काकांनी नक्कल पुन्हा सरळ केली आणि म्हणाले, "डोळे नीट आले का पण?"

मला कळेना हा माणूस काय विचारतोय. मी म्हटलं, "काय?"

"मूर्तींचे गं. एवढं करून डोळे तरी नीट आले का?"

मी मान हलवली. "मग ठीक," म्हणाले, "तेवढं तरी काम झालं." आणि उठून चहा सांगायला स्वतः खाली गेले.

पण ठीक काहीच नव्हतं. दिराच्या मुलांनी घराच्या ताब्यासाठी दरखास्त लावली होती. कधीही बेलीफ हिराबाईंच्या दारात उभा राहिला असता. विलंब माफीचा अर्ज करायचा, तर कोर्ट विचारणार उशीर का झाला, आणि एकेका दिवसाचा खुलासा मागणार. दुसऱ्या दिवशी काकांनी प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं, मी टाइप करत होते. '...सदर नकलेच्या पाठीवरील तारीख पडताळून पाहणे हे माझे, म्हणजे वकिलाचे, काम होते. ते मी केले नाही. अशिलाची यात कोणतीही चूक नाही...' माझी बोटं थांबली.

"काका, हे खोटं आहे."

"यातलं एक अक्षर खोटं दाखव. मी शिक्का बघितला होता का?"

"पण मी तुम्हाला..."

"वकीलपत्रावर सही कुणाची? तुझी?" मग म्हणाले, "हे बघ, वकिलाने तारीख चुकवली तर लोक हसतात. कारकुनाने चुकवली तर त्याला उभं करत नाहीत पुन्हा कुठे. मला हसणं परवडतं. टाइप कर, आणि 'पडताळून' मधला ता नीट मार."

मी टाइप केलं. आजवर हजारो पानं टाइप केली असतील, पण ते एक पान माझ्या बोटांना अजून आठवतं.

अर्ज दाखल करण्याआधी त्यांनी आणखी एक काम केलं, जे कुठलाही वकील करत नाही. मला घेऊन हिराबाईंच्या गावी गेले. अंगणात सुकट घातलेली, हिराबाई ती चाळत होत्या. काका म्हणाले, "हिराबाई, माझ्याकडून तारीख चुकली. सतरा दिवस. आता कोर्टाला माफी मागावी लागेल, देईल की नाही सांगता येत नाही." मी त्यांच्या मागे एक पाऊल उभी होते. बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. काकांनी मागे न बघता हाताने थांबवलं.

हिराबाई उठल्या. "मंजे माजं घर जानार?"

"जाऊ नये म्हणून सगळं करतो."

"वकीलदादा, भरती आपली येल कदी चुकवत नाय. न शिकलेलं पानी. तू येवढा शिकलेला, तू कसा चुकलास?" काकांनी मान खाली घातली. हिराबाईंच्या आवाजावर शेजारपाजारचे जमले आणि सगळ्यांदेखत बाईने काकांना जे काही ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. काका सगळं ऐकून घेत उभे राहिले. परत येताना एसटीत म्हणाले, "बरोबर बोलत होती बाई."

कोर्टात समोरच्या वकिलांनी संधी सोडली नाही. "सतरा दिवस आमचे ज्येष्ठ मित्र नेमकं काय करत होते?" मग न्यायाधीशांनी, तरुण बाई होत्या त्या, सरळ विचारलं, "चूक आपल्याकडून झाली की आपल्या कार्यालयाकडून?" मी मागे फाइल घेऊन उभी. काका म्हणाले, "कार्यालय म्हणजे मी एकटाच, मॅडम. बाकी एक टेबल आहे, त्याला दोष देता येत नाही." कोर्टात हशा झाला. मॅडमही हसल्या. टेबल मात्र मागे घळाघळा रडत होतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा अशिलाला नको, असं म्हणून उशीर माफ झाला, ताबा थांबला, आणि मग काकांनी ती निशाणी, ते वाटणीपत्र, काढून मॅडमसमोर धरली. त्यांनी ती वाचली, स्वतःचा निकाल वाचला, पुन्हा ती वाचली. पुढच्या होळीच्या आत निकाल बदलला. हिराबाईंचं घर हिराबाईंचंच राहिलं.

काकांची तारीख मात्र चुकलेली ती चुकलेलीच राहिली. हिराबाईंचं तोंड आणि खारेपाटातली गावं, काय विचारता! "वकील चांगला हाय, पन इसरालू हाय, त्याचेकडं तारखेचा काम देव नका." त्या बाजूची माणसं कमी झाली ऑफिसात. बारमध्ये पंचांगाची थट्टा सुरू झाली. हिराबाई बाजाराला आल्या की ऑफिसचा जिना चढायच्या, कधी जिताडा आणायच्या आणि दारातूनच, "घे रं इसरालू, खायाचा तरी इसरू नको." काका मोठ्याने हसायचे. मी मासा घेऊन आत ठेवायची. तेव्हा एकदा जरी बोलले असते! दरवेळी वाटायचं, आता सांगते. काकांना एकदा म्हटलंही, "मी हिराबाईंना खरं सांगणार आहे." तर म्हणाले, "सांग की. पण आज नको, आज ताजा जिताडा आहे, भांडणात वास येईल." मी हसले आणि गप्प बसले, आणि बारा वर्षं अशीच गप्प बसले. त्यांनी मला अडवलं असं मी स्वतःला सांगत आले. पण त्यांनी अडवलं ते एकदा, त्या अंगणात. बाकीचे सगळे दिवस माझे.

काकांवर काहीतरी लिही, असं एका पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी लिहायला बसले, आणि 'आजच तयार झाली' या वाक्यापर्यंत येऊन अडले. हे हिराबाईंनी पेपरात वाचायचं, किंवा कुणी त्यांना वाचून दाखवायचं, हे बरं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात एकटी त्यांच्या गावी गेले. हिराबाई आता थकल्यात, पण घर तसंच टापटीप. काका गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी पडवीत खांबाला टेकून बसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शेवटी हिराबाईंनी विचारलं, "मंग त्यानं आंगावर का घेतलं?"

"माझ्यासाठी."

"आनि तू काय करत व्हतीस?"

"गप्प होते."

हिराबाईंनी खाडीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "साऱ्या गावासमोर बोलली मी त्याला. गावोगाव सांगत फिरली, इसरालू हाय म्हनून. तोंडावर बोलली, तर हसायचा. मना काय म्हाईत... चार दिस आदी सांगतीस तर रोह्याला जाऊन पाय धरलं असतं त्याचं. आता मी कोनाकडं मागू माफी?" डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडे वळल्या. "माजी तारीख तू चुकवलीस गो, सुनंदा. येकदा नाय, दोनदा."

याला माझ्याकडे खुलासा नव्हता, एकाही दिवसाचा नाही. हिराबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई आपलं तोंड बघणार नाही. मी चपला शोधायला लागले, तर आतून भांड्यांचा आवाज आला, आणि मागोमाग त्यांचा.

"जेवल्याबिगर जाव नको. आनि त्या खांबाजवलनं ऊठ. जेवला की तितं टेकून बसायचा तो. ती वकिलाची जागा हाय."

काका इकडे येत होते, जेवत होते, हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मी उठले.